बादलीत बुडालेली वरात

हिंडलग्याच्या मारुतीरावांची प्रियदर्शनी बॅटऱ्यांवर पीएच.डी. करायला लागली आणि आठवड्याभरातच गल्लीतली निम्मी घड्याळं बंद पडली.

तिला हव्या होत्या फक्त मोबाईलच्या मेलेल्या बॅटऱ्या. त्यांतले धातू काढून पुन्हा कसे वापरायचे, हा तिचा विषय. "आधी मिठाच्या पाण्यात बुडवायच्या आप्पा, उरलासुरला करंट जातोय," एवढं ती जेवताना बोलून गेली. लेकीच्या शिक्षणाला आपलाही हात लागावा म्हणून दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली असताना मारुतीराव पोतं घेऊन बाहेर पडले.

"शेल, बॅटरी, रिमोट, काय असंल ते द्या! आमची प्रिया डॉक्टर हुणार हाय!"

मारुतीरावांना नाही म्हणायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. ज्यांच्याकडं मेलेले शेल नव्हते, त्यांनी भिंतीवरच्या घड्याळातले जिवंत काढून दिले.

अक्काताईंच्या घरी तर लगीनघाई. त्यांच्या युवराजचं दुपारी खानापुरात लग्न होतं. टीव्हीवर पडलेला एक बुटका काळा रिमोट त्यांनी पोत्यात टाकला. "हे बी न्या भावजी. सकाळपासनं दाबतोय, च्यानलच बदलत न्हाय."

मारुतीरावांनी सगळं बादलीत ओतलं आणि वर मूठभर मीठ जास्तच टाकलं.

थोड्याच वेळात बाशिंग बांधलेला युवराज दारात उभा. "काका, मोटारीची किल्ली आलीय काय हिकडं? काळी हाय, बटणाची!"

प्रियदर्शनीनं बादलीत हात घातला. किल्लीतून बुडबुडे येत होते.

"आप्पा! ह्यो रिमोट न्हवं, मोटारीची किल्ली हाय!"

"मग तिला दात कुठं हाईत?" मारुतीरावांनी विचारलं.

मोटार पुण्याच्या मावसभावाची, फुलांनी सजवलेली, गल्लीच्या तोंडाशी आडवी लावलेली. दुसरी किल्ली पुण्यात. मागं वऱ्हाडाचे दोन टेम्पो अडकलेले. प्रियदर्शनीनं किल्ली पुसली, वाळवली, फुंकली. मग तिला आठवलं, अशा किल्लीच्या पोटात एक खरीखुरी किल्ली लपवलेली असते. तिनं ती ओढून काढली, दार उघडलं आणि मोटार बोंबलायला लागली. चोर आल्यासारखी पँ-पँ थांबेचना. बँडवाल्यांना वाटलं, वरात निघाली. त्यांनी त्याच सुरात ठेका धरला आणि पोरं नाचायला लागली.

"ढकला की रं!" अक्काताई ओरडल्या.

"स्टिअरिंग लॉक हाय, काकू!"

"मग तूच काय तरी कर! तू डॉक्टर न्हवं?"

प्रियदर्शनीचा चेहरा रडवेला झाला. "बसनं जाऊ," ती म्हणाली. दुसरं काही सुचतच नव्हतं.

बोंबलणारी मोटार मारुतीरावांच्या राखणीला सोडून नवरदेव, करवल्या, बँड, सगळे चालत हमरस्त्याला आले. थांब्यावर पोरांनी पुन्हा नाच मांडला, पण कंडक्टर बधला नाही. "मुंद होग्री, मुंद!" असं कानडीत पुढं सरकायला सांगत त्यानं सगळ्यांना आत कोंबलं आणि शिट्टी मारली. बेळगावात बस बदलली, तिथं ढोलकीवाल्यानं एक सीट धरली आणि ढोलकीनं दुसरी.

खानापूरच्या कार्यालयात पोचले तेव्हा मांडवात फक्त आचारी आणि नवरीचे मामा, महादेव. त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग वऱ्हाड.

प्रियदर्शनी खांबाआड झाली. अक्काताईंनी तिला दंडाला धरून पुढं ओढलं. "ही बघा. हिच्या मिठाच्या बादलीत मोटारीची किल्ली बुडाली, म्हणून आमाला बसनं यावं लागलं."

महादेवमामा तिच्याकडं टक लावून बघत राहिले. ती माफी मागायला तोंड उघडणार, तोच मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाई गं, थोरलीच्या लग्नात वऱ्हाड नाचत नाचत आलतं. अक्षता पडल्या तवा भात इटला हुता. आज पैल्यांदा येळंवर आलंय." त्यांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "पुढल्या महिन्यात धाकटीचं लगीन हाय. तिच्या नवरदेवाच्या घरला आदल्या दिवशीच जाशील काय, बादली घिऊन?"