शांताला दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं

दिवस मावळायला आला की आमचे शेजारी नेमगोंडा आण्णा ताटली घेऊन पायरीवर उभे राहतात आणि मांजराला हाका मारतात. मांजराने सूर्यास्ताच्या आत जेवलं पाहिजे असा त्यांचा नियम आहे. आण्णा जैन आहेत, अंधार पडल्यावर ते स्वतः काही खात नाहीत आणि त्याला माझं काही म्हणणं नाही. धर्म ज्याचा त्याने पाळावा. पण मांजराला कोणता धर्म पाळायचाय हे मांजराला विचारायला नको का?

"शांता, चल गं. दिस बुडाला. मग कसं खाणार तू?"

शांता आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर बसलेली असते, त्यांच्याकडे पाठ करून. अंगाने काळीकुळकुळीत. ताटलीत दूधभाकरी, नाहीतर बिनकांद्या-लसणाचं वरण आणि भात. शेजारी वाटीत पाणी, तेही फडक्यातून गाळलेलं. शांता एक कान मागे वळवते. ऐकू आलं, एवढं कळवते आणि परत गल्ली बघत बसते.

मी एकदा म्हणाले, "आण्णा, मांजर हाय ते. त्याला अंधारातच जास्त दिसतं."

"तसं नसतंय ते, वहिनी."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आज ऊन कडक आहे म्हणा, तसं नसतंय ते. तुमच्या धोतराचा काष्टा सुटलाय म्हणा, तसं नसतंय ते, आणि मग वळून काष्टा खोचायचा.

आण्णा मूळचे सांगलीकडचे. तरुणपणी साताऱ्यात आले आणि भुसार मालाचं दुकान काढलं. आमचे मालक फौजेतून पेन्शनवर घरी आले तेव्हापासूनचा आमचा शेजार. पुढे आमचे मालक गेले, त्यांची मंडळी गेली. आण्णांनी दुकान भाड्याने दिलं, तराजू-मापं भाडेकऱ्याला ठेवली आणि दुकानातली मांजर तेवढी घरी आणली.

धान्याच्या दुकानात मांजर कशाला ठेवतात हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. आण्णांना ते मान्य नव्हतं.

"शांता उंदराला मारत न्हाई. निस्ती बसती. तिला बघून ते आपनहून जातंय."

"कुठं?"

"जातंय की कुठंतरी."

एकदा मी ज्वारी घ्यायला गेले असताना शांताने एक उंदीर आणून त्यांच्या पायाशी ठेवला. मान मोडलेली. आण्णांनी चष्मा पुसून खाली बघितलं. "हार्ट अटॅक," म्हणाले. मग गिऱ्हाइकं थांबवून, खाली बसून, हात जोडून त्या उंदरासाठी नवकार मंत्र म्हटला. शांता बाजूला पंजा चाटत होती, मयताला आलेल्या लांबच्या पाहुणीसारखी.

मांजराची एक खोड मी जन्मभर बघत आले. जो लाडाने बोलावतो त्याच्याकडे ते ढुंकून बघत नाही आणि जो हाकलतो त्याच्या मांडीवर चढून बसतं. मला मांजरं आवडत नाहीत. केस पाडतात, दुधात तोंड घालतात, वर आपल्यालाच उपकार केल्यासारखं बघतात. म्हणून शांता दिवसभर माझ्या घरात असायची. आण्णा दुपारी भिंतीपलीकडून तिला ज्वारीचा भाव सांगायचे, बातम्या सांगायचे. ती जांभई द्यायची. "पटलं तिला," असं आण्णा मला सांगायचे.

आणि आमच्या घरी बाजाराच्या दिवशी बोंबील भाजतात. कधी सुकट असते. ताटातलं डोकं-शेपूट मी खाली टाकते, ती खाते. मी बोलवत नाही आणि उठून हाकलायला माझे गुडघे तयार नाहीत. आण्णांना हे मी सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी ती त्यांची ताटली हुंगायची, दोनदा जीभ लावायची आणि निघायची.

"बगा वहिनी, कसा संयम हाय. आपल्यासारखं हावरं न्हाई."

मी पदराला हात पुसायची. हाताला बोंबलाचा वास असायचा.

गेल्या वर्षी आण्णांच्या डोळ्यांनी दगा दिला. एक डोळा आधीच अधू होता, दुसऱ्यातही मोतीबिंदू पिकला. दूध वाटीत ओतायचं ते वाटीशेजारी ओतू लागले. एका सकाळी बघते तर गटारीच्या कडेला वाकून, हात पुढे करून, "ये माझी बाय, रुसली व्हय, ये," असं चाललेलं. समोर काळी प्लास्टिकची पिशवी पडली होती. वाऱ्याने ती थोडी हलली तर म्हणतात, "आली, आली."

शांता माझ्या उंबऱ्यात बसून हे बघत होती. तिच्या जागी मी असते तर लाजले असते.

त्यांची लेक सुषमा सांगलीला असते. ती येऊन त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन लांबवलं तर हाही डोळा हातचा जाईल. सुषमा म्हणाली, सांगलीला चला, सगळं तिथं करू, महिनाभर माझ्याकडे राहा. आण्णा म्हणाले, "शांताचं कोन बगनार?"

"तिला पण आणा."

ते एकदा करून झालं होतं. शांताला भाजीच्या पिशवीत घालून आण्णा एसटीत बसले होते. उंब्रजपर्यंत ती गप्प होती. कराड यायच्या आत पिशवी फाडून ती कंडक्टरच्या खांद्यावर गेली. कंडक्टरने दोघांनाही कराडच्या स्टँडवर उतरवलं. आण्णांनी त्याला शेवटपर्यंत सांगितलं म्हणे की तिला तुमचा स्वभाव आवडला.

मग आण्णांनी गल्लीत माणूस शोधायला सुरुवात केली. दारात उभं राहून पहिला प्रश्न, "तुमच्यात अंडं शिजतं का?" आमची गल्ली फौजी लोकांची. आमच्यात अंडं हे काय जेवण धरत नाहीत. आण्णा प्रत्येक दारातून मान हलवत परत यायचे आणि जाण्याचा दिवस पुढे ढकलायचे. सुषमा फोनवर रडायची. डोळा काही यांच्या शोधासाठी थांबणार नव्हता.

शेवटी मीच गेले. "किल्ली द्या हिकडं. मी बघते."

"तुमच्यात तर…"

"आमच्यात सगळं शिजतं. पण तुमच्या ताटलीत तुमचंच घालीन."

आण्णांनी मला घरात नेऊन सगळा कारभार समजावला. फडकं कुठलं, पाणी कसं गाळायचं, गाळून फडक्यावर राहिलेले बारीक जीव परत पाण्यातच कसे सोडायचे, भाकरी किती बारीक कुस्करायची. त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी जुनं धोतर घडी करून ठेवलेलं होतं. "हिथं झोपती. ते धुवू नका, वास जाईल."

"आण्णा, मी तीन पोरं वाढवली."

"तसं नसतंय ते. पोरं भूक लागली की रडत्यात. ही रडत न्हाई."

गेले एकदाचे. मी शब्द पाळला. दिवस मावळायच्या आत पायरीवर ताटली ठेवायची, हाका मात्र नाही मारल्या. शांता यायची, हुंगायची, आणि माझ्या मागोमाग माझ्या घरात. महिन्याच्या बोलीवर गेलेल्या माणसाची तिने एवढीही चौकशी केली नाही. खाऊन-पिऊन पोट लोंबायला लागलं. झोपायचीही माझ्याच चुलीपाशी.

आण्णांचा रोज फोन. तिकडे साखर वाढलेली निघाली, ती उतरेपर्यंत ऑपरेशन थांबलं, म्हणून यांना रिकामा वेळच वेळ. "फोन तिच्या कानाला लावा." मी पायरीवर मांजराच्या कानाला फोन धरून उभी, आणि रस्त्याने जाणारे बघतायत. फोनमधून आण्णांचा आवाज, "शांता, म्या हाय गं." शांता उठून गेली.

"काय म्हनाली?"

"गेली."

"जेवती का?"

"जेवती. जाड झालीया."

"मला हुडकती का?"

"न्हाई."

मी खोटं बोलत नाही. आजवर त्याचा तोटा कधी झाला नव्हता. आण्णा "बरं झालं," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुषमाचा फोन. "मावशी, काल काय बोललात? आण्णा दोन घास खाऊन उठतायत. तोंडातून शब्द नाही. साखर उतरलीय, उद्या ऑपरेशन ठरलंय, आणि हे भिंतीकडं तोंड करून पडलेत."

मला म्हाताऱ्याची कीव आली. कीव आली की माणसाच्या हातून गाढवपणा होतो. त्या संध्याकाळी फोन आल्यावर मी म्हणाले, "तुमचा आवाज ऐकल्यापासनं तुमच्या दारात बसून असती. काल ताटलीला तोंड लावलं न्हाई. आजबी न्हाई." खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे मीठ जरा जास्तच पडलं. "रोडावली जरा," असंही म्हणाले. मला वाटलं, म्हातारा खूश होईल, गुमान डोळा करून घेईल.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत आण्णा माझ्या दारात. हातात पिशवी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. दवाखान्यात जायच्या वेळी सुषमाचा नवरा रिक्षा आणायला गेला, तेवढ्यात हे मागच्या दाराने स्टँडवर. एवढ्या अधू डोळ्यांनी विचारत विचारत सांगली ते सातारा आले.

"कुठं हाय?"

ती माझ्या चुलीपुढे बोंबील खात होती. आण्णा भिंत चाचपत आत आले, आवाजाच्या रोखाने खाली बसले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. हाताने पाठ चाचपली, मग पोट चाचपलं. शांताने मान वर केली नाही. कडाकडा चावत राहिली.

आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. मी म्हणाले, "आण्णा, ती उपाशी न्हाई. काल मी खोटं बोलले. ती कवाच उपाशी नव्हती. तुमच्या दुकानातनं आली तवापासनं माझ्याकडं बोंबील खाती. तुमची ताटली ती निस्ती हुंगती."

"ठावं हाय मला."

"काय ठावं हाय?"

"डोळं गेल्यात वहिनी, नाक हाय की. बाजाराच्या दिवशी हिच्या तोंडाला वास मारतो."

मला राग आला. मी इतकी वर्षं पदराला हात पुसत होते. "मग बोलला न्हाई ते? आन संयम, संयम म्हणून मलाच ऐकवत होता व्हय?"

आण्णा तिच्या पाठीवरचा हात न काढता बोलले. "तसं नसतंय ते. तुमच्याकडं पोटभर खाती. तिला माझ्याकडं काय काम हाय सांगा. दूधभाकरी तर नको असती. तरीबी येती आन पायाशी झोपती. माझ्याकडं खात असती, तर पोटासाठी येती म्हनलो असतो. तुमी घालता म्हनून तर मला कळतंय, ती माझ्यासाठी येती."

मी चुलीत लाकूड सारलं.

मग मी म्हणाले, "एवढं कळतंय, तर ऑपरेशन सोडून पळून का आला?"

"महिनाभर दार बंद राहिलं, आन तिची सवय मोडली तर? मी परत आलो, आन ती आलीच न्हाई तर?"

"न्हाई आली तर न्हाई आली. पण आली, तर ती तुमाला दिसाय तरी पायजे का नको?"

शांताचं खाऊन झालं. ती उठली, त्यांच्या गुडघ्याला अंग घासून बाहेर गेली. मांजरं तशी दाराच्या चौकटीलाही अंग घासतात, पण मी ते बोलले नाही.

संध्याकाळच्या गाडीने मी स्वतः त्यांना सांगलीला पोचवलं. चपला आधी बदलायला लावल्या. सुषमाने मला चहा दिला, पण माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं. दोन दिवसांनी ऑपरेशन झालं.

मी परत आल्यावर रोज दिवस मावळताना आण्णांच्या घराचं दार उघडून ठेवायला लागले. पहिले काही दिवस शांता आली नाही. मी कुणासाठी तिथे बसत होते देव जाणे, पण दिवा लावून पलंगाशेजारी बसायची. घर माणसाच्या वासाचं राहायला पाहिजे, एवढं मला वाटलं. मग एकदा ती आली. माझ्याकडे न बघता पलंगावर चढली, धोतराची घडी पंजांनी तुडवली, गोल फिरून बसली. फोनवर मी आण्णांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पट्टी काढून पळत आले असते.

महिना भरल्यावर सुषमा त्यांना घेऊन आली. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, एखाद्या पुढाऱ्यासारखा. पायरीवर बसले. शांता भिंतीवरून उतरली, त्यांच्यापासून हातभर अंतरावर पाठ करून बसली.

आण्णांनी चष्मा काढला. सुषमा ओरडली, डॉक्टरांनी उन्हात काढायचा नाही सांगितलंय. त्यांनी ऐकलं नाही. वाकून, मान तिरकी करून, शांताला पुढून बघितलं, बाजूने बघितलं. बराच वेळ बघत होते.

"हिच्या मिशा पांढऱ्या कवा झाल्या?"

"झाल्या असतील," मी म्हणाले.

"तोंडाजवळबी पांढरं आलंय. म्हातारी झाली की गं."

मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. तेही बराच वेळ. केस बघितले, तोंड बघितलं.

"बोला," मी म्हणाले.

"काय न्हाई," म्हणाले आणि चष्मा परत लावला.