कॅप्सूल जेवल्यावर

माणसाने भीतीवर विजय मिळवला तो हत्यारांच्या जोरावर, आणि त्याचा जिताजागता पुरावा म्हणजे गल्लीतला प्लंबर. लोक नाक धरून पळत तिथे हा मांडी घालून बसे, तुंबलेल्या पाइपात कॅमेऱ्याची लांब नळी सारे आणि पडद्यावर बोट ठेवून अडथळा दाखवे. गल्लीने त्याला ‘नळीसम्राट’ ही पदवीच देऊन टाकली होती.

तीन महिने त्याच्याच पोटात जळजळ झाली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “घशातून नळी घालून बघू.”

सम्राट खुर्चीसकट मागे सरकले. “दुसरं काही नाही का?”

“सोनोग्राफीत जठर आतून दिसत नाही. बेरियम पाजून एक्स-रे काढता येतो, पण बारीक जखम निसटते. एक कॅमेऱ्याची कॅप्सूल असते. गिळली की आतून फोटो काढत जाते. तरी नळीइतकं नेमकं—”

“कॅप्सूल! ठरलं!”

सूचनांचा कागद त्याने न वाचताच घडी घालून खिशात ठेवला.

कॅप्सूलच्या दिवशी सकाळी बायकोने दारातच अडवलं. “उपाशी कुठे निघालात?”

“कॅप्सूल घ्यायला.”

“रिकाम्या पोटी? मागे त्या पिवळ्या कॅप्सूलने काय दशा झाली होती, आठवतंय ना? बसा आधी.”

दोन वाट्या भात आणि वाटाण्याची भाजी पोटात गेली.

दवाखान्यात नर्सने विचारलं, “काल रात्रीपासून उपाशी आहात ना?”

त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण नाही म्हटलं तर नळी! “एकदम कडकडीत,” तो म्हणाला आणि गटकन कॅप्सूल गिळली.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी पडदा नवरा-बायकोकडे वळवला. सवयीने सम्राट पुढे झुकले, बोट ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “हा बघा अडथळा. हिरवा, गोल.”

“वाटाणा आहे तो. हाही. पुढचे सगळे फोटो तेच.”

बायकोने कपाळाला हात लावला. “आणि लोकांवर ओरडता, नळी घालायच्या आधी मोरीत खरकटं ओतू नका म्हणून!”

मंगळवारी नळीसाठी तो खरोखरच उपाशी आला. झोपेचं इंजेक्शन दिलं. डोळे उघडले तेव्हा त्याने दोन्ही हातांनी खाट घट्ट धरली.

“कधी घालणार नळी?”

“काढून अर्धा तास झाला,” नर्स म्हणाली. “जरा सूज आहे. तिखट कमी खा.”