शेऱ्याचा रकाना

लिफ्टनिरीक्षकाने सही करण्याआधी फॉर्म वाचला आणि तिथेच सगळे घोडे अडले.

खरे तर त्या फॉर्मला वाचले जाण्याची सवयच नव्हती. चर्चला लागून असलेल्या खोलीत दर शनिवारी लग्न ठरलेल्या जोडप्यांचा वर्ग भरायचा. सहा शनिवार बसायचे, शेवटी फॉर्मवर सही ठोकायची आणि बाईंचे आभार मानून पळायचे, अशी एकतीस वर्षांची रीत होती. बाई म्हणजे निवृत्त गणित शिक्षिका. नवरदेव पंचविशीचा असो की पन्नाशीचा, त्यांच्यासमोर पाठ ताठ करूनच बसायचा.

निरीक्षक प्रॉटेस्टंट होता आणि त्याची होणारी बायको कॅथलिक. ती मोठ्या इस्पितळात नर्स होती. लग्न तिच्या चर्चमध्ये करायला त्याची ना नव्हती, वर्गालाही नव्हती. सहाही शनिवार तो वेळेवर आला, वहीत टिपणे काढली. त्याच्यात खोड एकच, आणि तीही पोटापाण्याने लावलेली. न वाचता सही करणे म्हणजे लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या आठ माणसांच्या जिवाशी खेळ, हे सतरा वर्षांत त्याच्या हाडीमाशी भिनले होते.

नवव्या ओळीत लिहिले होते : ‘धर्मशिकवणुकीचा अर्थ लावण्याचा अधिकार चर्चला आहे, हे मला समजावून सांगण्यात आले.’ त्याच्याखाली ‘शेरा’ असा एक रकाना होता, कोरा करकरीत. निरीक्षकाच्या कचेरीत शेऱ्याचा रकाना कोरा ठेवणाऱ्याला नोटीस मिळते. त्याने खिशातले पेन काढले आणि वळणदार अक्षरात लिहिले :

‘हा अधिकार चर्चला आहे, असे चर्चनेच ठरवलेले दिसते. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीने आपल्याच लिफ्टला दाखला दिलेला आमच्याकडे चालत नाही. चर्चला कोणी तपासले? खुलासा व्हावा.’

बाईंनी फॉर्म घेतला, चष्मा लावला, काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

“हे काय लिहिलंत?”

“शेरा.”

“अहो, पण कशाला?”

“रकाना होता.”

“ख्रिस्तानं आपल्या शिष्याला, पेत्राला, स्वर्गाच्या किल्ल्या दिल्या. पेत्रापासून पोपपर्यंत तोच अधिकार चालत आलाय. तिसऱ्या शनिवारी शिकवलं होतं मी!”

“हो, पान अकरा,” निरीक्षक वही उघडत म्हणाला. “पण किल्ल्या दिल्या याचा अर्थ हाच, हे कोणी सांगितलं?”

“चर्चनं.”

“तेच तर लिहिलंय मी, बाई.”

बाईंनी फॉर्म बाजूला ठेवला. गणिताच्या तासाला त्यांनी असा मुलगा पाहिला असता तर त्याला वर्गाबाहेर उभे केले असते. पण हा स्वतःच नम्रपणे उठून बाहेर गेला होता.

बाहेर व्हरांड्यात नर्स वाट पाहत होती. घडलेला प्रकार ऐकून ती कठड्यावर बसलीच.

“तू शेरा लिहिलास? तिथे?”

“रिकामा होता गं.”

“रिकामा असतोच तो! रिकामा ठेवण्यासाठीच असतो! माणसाला कळत नाही का रे?” तिने बोटांवर हिशेब मांडला. “बारा दिवसांची रजा आहे माझी. सात जणींच्या ड्यूट्या केल्यात त्यासाठी. एकवीस दिवसांनी लग्न झालं नाही, तर पुढची रजा पावणेदोन वर्षांनी मिळेल. तोवर तू लिफ्ट तपासत बस.”

निरीक्षकाच्या तोंडचे पाणी पळाले. तिच्यावर त्याचे मनापासून प्रेम होते, आणि पावणेदोन वर्षे ही काही शेरा लिहून मिटवता येण्यासारखी गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघे फादरांकडे गेले. फादर स्वभावाने लोण्याचा गोळा. त्यांनी शेरा दोनदा वाचला आणि तोंडभर हसले.

“छान प्रश्न आहे. तोंडी विचारला असता तर मी चहा पाजून तोंडीच उत्तर दिलं असतं. पण हा लेखी आहे, शाईनं आहे, आणि फॉर्मवर क्रमांक आहे. शेरा असलेला फॉर्म मला इथे ठेवता येत नाही. बिशपांच्या कार्यालयात पाठवावा लागतो.”

“असे फॉर्म आधी कधी पाठवलेत?” नर्सने विचारले.

“कधीच नाही. म्हणून तर नियम पाहावा लागला.”

फॉर्म गेला. पाच दिवसांनी वरून पत्र आले की प्रश्न तीन प्रतींत पाठवावा. निरीक्षकाने तीन प्रती काढल्या. मग पत्र आले की ‘कंपनी’ या शब्दाचा खुलासा करावा. निरीक्षकाने लिफ्टच्या कंपन्यांवर दीड पानाचा खुलासा लिहिला, आणि तोही इतका चोख की खाली एक आकृती काढली. नर्सने ती आकृती पाहिली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. लग्नाला अकरा दिवस उरले.

तेव्हा कुठे त्याला शहाणपण सुचले. तो धावत फादरांकडे गेला.

“फादर, प्रश्न मागे घेतो. मला काही विचारायचंच नाही.”

“उत्तम! एक साधा अर्ज लिहा. फक्त कारण द्या.”

इथे दुसऱ्या कोणी ‘शंकेचे समाधान झाले’ असे दडपून दिले असते आणि गोष्ट संपली असती. पण निरीक्षकाच्या हातून खोटे कारण उतरेना. त्याने लिहिले : ‘लग्नाची तारीख जवळ आली असून वधू फार रागावली आहे.’

फादरांनी अर्ज वाचला आणि त्यांचे हसू मावळले.

“अहो, काय केलंत हे! म्हणजे तुम्ही दबावाखाली आहात?”

“थोडासा.”

“लग्नाला संमती मोकळ्या मनाची लागते आमच्याकडे. नवरदेवावर दबाव आहे असं कागदावर आलं की लग्नच थांबतं!” फादर अर्जाकडे पाहत राहिले. “आणि शाईनं लिहिलंत. हाही वर पाठवावा लागणार.”

करायला गेलो एक आणि झाले भलतेच, असे पुटपुटत निरीक्षक घरी आला. घरी त्याचे वडील खुर्चीत ताठ बसले होते. ते आपल्या छोट्या प्रॉटेस्टंट मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, एक पंच होते. मुलाने कॅथलिकांना पेचात पकडले, ही बातमी त्यांच्या कानावर आली होती आणि त्यांची छाती फुगली होती.

“शाब्बास! असंच विचारायला हवं. आपल्याकडे हे पोप नि बिशप नाहीत. पवित्र शास्त्र उघडावं आणि ज्याचं त्यानं वाचावं. तू लग्न आपल्या मंडळीतच कर. पाळकसाहेब परवासुद्धा लावून देतील.”

“पण बाबा, दोघांनी दोन अर्थ काढले तर खरा कुणाचा?”

“ज्याचा बरोबर असेल त्याचा.”

“ते कोण ठरवणार?”

वडील खुर्चीतून उठले. “हे रविवारी मंडळीतच विचारू,” ते म्हणाले.

रविवारी त्यांनी विचारले. कॅथलिकांकडे एका उत्तराला दोन आठवडेही पुरत नव्हते, इथे तासाभरात नऊ उत्तरे मिळाली. प्रत्येकाकडे वचन होते, अध्याय होता, ओळ होती. दुपारपर्यंत दोन पंच एकमेकांकडे पाठ करून बसले. संध्याकाळी पेटी वाजवणाऱ्याने वेगळी मंडळी काढण्याची घोषणा केली आणि पेटी घेऊन निघून गेला. पाळकसाहेब घाम पुसत निरीक्षकाच्या दारात आले.

“बाबा रे, लग्न कुठेही कर, आम्ही येऊन टाळ्या वाजवू. पण तुझा तो प्रश्न आमच्याकडे पुन्हा आणू नकोस. आम्ही मूळचे पंचेचाळीस जण!”

वडील आतून म्हणाले, “आपल्यात विचारायची मोकळीक आहे, हे खरंय. पण म्हणून काय लगेच विचारायचं?”

लग्नाला चार दिवस उरले असताना वरून पाकीट आले. फादर, बाई, नर्स आणि निरीक्षक वर्गाच्या खोलीत जमले. फादरांनी वाचून दाखवले. ‘प्रश्न योग्य आहे. प्रश्न योग्य असल्याने मागे घेण्याचा अर्ज नामंजूर. दबावाबाबत : वधू रागावणे हा दबाव धरला जात नाही. प्रश्न समजावून देण्याचे पूर्ण अधिकार वर्ग घेणाऱ्या बाईंना देण्यात येत आहेत.’

सगळ्यांनी बाईंकडे पाहिले. बाईंचे डोळे लाल झाले होते. गेले सतरा दिवस त्या फादरांच्या कपाटातली जाडजूड पुस्तके घरी नेऊन वाचत होत्या, हे कोणालाच माहीत नव्हते.

“बसा,” त्या निरीक्षकाला म्हणाल्या. तो बसला, पाठ ताठ करून. “तुमची माणसं म्हणतात, अधिकार फक्त शास्त्राचा. बरोबर?”

“बरोबर.”

“शास्त्र म्हणजे बायबल, आणि ते एक पुस्तक नाही, पुष्कळ पुस्तकं. त्या काळी अशी आणखीही लिहिली गेली होती. यातली कुठली घ्यायची नि कुठली सोडायची, ते कोणी ठरवलं? अनुक्रमणिका काही आभाळातून पडली नाही.”

निरीक्षकाने विचार केला. वही उघडली, मिटली. “म्हणजे... चर्चनं?”

“चर्चनं. ज्या लिफ्टमध्ये उभं राहून तुम्ही कंपनीवर शेरा मारताय, तीही त्याच कंपनीनं बसवलीय.”

निरीक्षकाच्या चेहऱ्यावर निखळ आनंद होता. चांगल्या बांधणीची यंत्रणा पाहिली की त्याला असाच आनंद व्हायचा.

“हे आमच्याकडे कोणी काढलंच नव्हतं,” तो म्हणाला. “सगळं पटलं असं नाही म्हणणार. पण फॉर्ममध्ये ‘पटले’ असं नाहीच. ‘समजावून सांगण्यात आले’ असं आहे. ते अगदी खरं आहे.” आणि त्याने सही केली.

नर्सने इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले. ती उठून बाईंच्या गळ्यातच पडणार होती, पण बाई फॉर्म वाचत होत्या. सगळ्यात खाली ‘वर्ग घेणाऱ्याची सही’ अशी जागा होती आणि तिच्या शेजारी शेऱ्याचा आणखी एक रकाना. एकतीस वर्षांत त्यांनीही तो पाहिला नव्हता. त्यांनी पेन उचलले.

“बाई?” फादर हळूच म्हणाले.

बाई लिहीत होत्या : ‘नवरदेवास समजले. पण समजावण्यासाठी वाचताना माझीच शंका जागी झाली. अनुक्रमणिका ठरवताना चर्च चुकले नाही, हे मला चर्चखेरीज कोण सांगेल? खुलासा व्हावा.’

“बाई!” नर्स जवळजवळ किंचाळली. “चार दिवस राहिलेत!”

“काय करू गं,” बाई पेन खाली न ठेवता म्हणाल्या. “एवढी वर्षं शिकवलं मी. वाचायला बसले तेव्हा कळलं की शिकवत नव्हतेच, नुसता पाढा म्हणत होते. आता सही करायची तर खरं लिहायला नको?”

फादरांनी फॉर्म घेतला. त्यांनी शेरा वाचला, मग नर्सच्या चेहऱ्याकडे पाहिले. फॉर्म टेबलाच्या खणात ठेवून त्यांनी किल्ली फिरवली.

“हा लग्नानंतर वर जाईल.”

“पण शेरा असलेला फॉर्म इथे ठेवता येत नाही ना?” निरीक्षकाने विचारले. नर्सने त्याच्या पायावर पाय दिला.

“नवरदेवाचा शेरा असेल तर येत नाही,” फादर शांतपणे म्हणाले. “हा बाईंचा आहे. बाईंचं कुठं लग्न अडलंय?”

शनिवारी लग्न झाले. लग्नाच्या नोंदवहीवर सही करताना नवरदेवाने पूर्ण पान वाचले आणि सगळे चर्च तेवढा वेळ उभे राहिले. मंडळीचे पंचेचाळीसही जण आले, फक्त दोन वेगवेगळ्या बाजूंच्या बाकांवर बसले. बारा दिवसांची रजा एक दिवसही वाया न जाता संपली.

तीन महिन्यांनी बाईंच्या शंकेचे उत्तर वरून आले : ‘प्रश्न योग्य आहे. दुसरी बाजू जाणणाऱ्या एखाद्या अभ्यासू प्रॉटेस्टंट व्यक्तीशी नियमित चर्चा करावी.’ असा अभ्यासू प्रॉटेस्टंट बाईंच्या ओळखीत एकच होता.

तेव्हापासून सहा शनिवारांत सुटलेला निरीक्षक दर शनिवारी वर्गात असतो. बाई चर्चवर एकेक प्रश्न टाकतात आणि निरीक्षक टिपणे काढून, फादरांच्या कपाटातली पुस्तके धुंडाळून, पोपची बाजू मांडतो. अर्धवट बाजू मांडणे त्याच्या स्वभावात नाही. फादर दारातून ऐकतात आणि चहा पाठवतात.

परवा एक नवे जोडपे वर्गाला आले. दहा मिनिटे दारात उभे राहून ऐकले आणि गोंधळून व्हरांड्यात परतले. तिथे नर्स कठड्यावर बसून नवऱ्याची वाट पाहत होती.

“ताई,” मुलीने दबकत विचारले, “आत त्या दोघांत कॅथलिक कोण आहे?”

“ते अजून वरून कळवलेलं नाही,” नर्स म्हणाली आणि तिने त्यांना बसायला जागा करून दिली.