मुळाशी पिवळे, मध्ये नारिंगी

टॉवेल सोडला तेव्हा ताईंचे केस मुळाशी पिवळे, मध्ये नारिंगी आणि टोकांना होते तसेच काळे होते. पाकिटावरच्या बाईचे केस मधाच्या रंगाचे होते. ताईंनी पाकीट आरशाशेजारी धरलं, आलटून पालटून दोघींकडे पाहिलं आणि बाथरूमची कडी पुन्हा एकदा तपासली.

"अगं, कसला वास येतोय?" बाहेरून यजमानांनी विचारलं. "फिनेल सांडलंस का?"

"हो."

"मग खिडकी उघड. माझं डोकं चढलं इथे."

ताई हे काही त्यांचं नाव नव्हतं. चष्म्याच्या दुकानात त्यांना सगळे ताई म्हणत, म्हणून त्या ताई. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं, फ्रेम नाकावर बसवून बघायची, काडी गरम करून कानामागे वाकवून द्यायची, हे काम त्या इतकी वर्षं करत होत्या की लहानपणी रडत रडत पहिला चष्मा घातलेली माणसं आता स्वतःची रडणारी पोरं घेऊन त्यांच्याकडे येत. थोरले मालक गेले आणि धाकटे खुर्चीत बसले. धाकट्यांच्या केबिनची काच छतापर्यंत पोचत नाही. शुक्रवारी ते फोनवर कोणाला तरी सांगत होते, "पुढे जरा फ्रेश चेहरा पाहिजे. ती नवी मुलगी ठीक आहे. ताईंना मागे काचांच्या खोलीत टाकू. खोकी लावत बसतील."

ताईंना खोक्यांचं वाईट वाटलं नाही. 'टाकू' या शब्दाचं वाटलं. नेऊ नाही, बसवू नाही, टाकू. त्यात दुकानात भिंतभर आरसे. गिऱ्हाईक आपला चेहरा बघायचं आणि त्याच्या खांद्यामागे ताईंना दिवसभर स्वतःचा दिसायचा. शनिवारी घरी येताना त्यांनी ब्लीचचं पाकीट घेतलं. रविवारी दुकान अर्धा दिवस; दुपारी घरी येऊन त्या बाथरूममध्ये शिरल्या.

आता पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की आधी काळा रंग लावलेल्या केसांवर हे लावू नये. बारीक अक्षरं वाचायला लोकांना मदत करण्यात उभं आयुष्य गेलेल्या बाईने स्वतः मात्र चष्मा काढून ठेवला होता. जुना काळा रंग टोकांना चिकटून राहिला, मुळाशी उगवलेले पांढरे केस मात्र ब्लीचने लगेच पिवळे पडले. उरलेलं वाया कशाला घालवायचं म्हणून त्यांनी ते भुवयांना फासलं. पाकिटावरच्या बाईच्या भुवयाही केसांना जुळत होत्या. ताईंच्या जुळल्या नाहीत. त्या दिसेनाशाच झाल्या.

घाबरून त्यांनी टोकांना पुन्हा ब्लीच लावलं. टोकं गंजल्यासारखी लाल झाली. मोबाईलवरच्या व्हिडिओतली बाई म्हणाली की नारिंगी रंग मारायला राखाडी छटा लावावी. ताई स्कार्फ बांधून मेडिकलमध्ये गेल्या.

"कोणासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"शेजारणीसाठी."

राखाडी छटेने नारिंगी रंग खरोखरच मारला. पिवळा मात्र हिरवा झाला. गवतासारखा नव्हे, साचलेल्या पाण्यावर येतो तसा. हिरव्यावर टोमॅटो सॉस लावावा, असं दुसऱ्या व्हिडिओतली बाई म्हणाली. तिचे केस मुळातच सोनेरी होते, तिला बोलायला काय जातंय? ताई स्वयंपाकघरात डोक्यावर सॉस थापून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून उभ्या होत्या, तेवढ्यात यजमान आत आले. त्यांनी ओट्यावरच्या बाटलीकडे पाहिलं. ती उचलून उजेडात धरली.

"सॉस संपवलास?"

"हो."

"मग सांगायचं ना, मी बाहेरच गेलो होतो मघाशी," असं म्हणून ते परत मॅच बघायला गेले.

सॉस कानामागून ओघळत होता. मग ताईंनी डोकं धुतलं आणि सगळ्यावर गडद तपकिरी रंग चोपडला. तो बसला चिखलासारखा, आणि कंगवा फिरवला तसे केस कंगव्याबरोबर निघून आले.

सोमवारी दुकानाला सुट्टी. कोपऱ्यावरच्या पार्लरवाल्या बाईंनी एक बट दोन बोटांत धरून ओढली. ती रबरासारखी लांबली आणि तुटली.

"घरी केलंत?"

"शेजारणीने केलं."

"तिच्याशी बोलणं बंद करा. आता ह्याच्यावर काही चढणार नाही, अगदी बारीक कापावे लागतील. सहा महिन्यांत चांगले येतील."

मंगळवारी ताई बारीक कापलेल्या डोक्यावर स्कार्फ बांधून, बिनभुवयांच्या, दुकानात शिरल्या. कॅशवरच्या बाईंनी बघितलं आणि हातातली चिल्लर खाली ठेवली. दोघी रोज एकत्र जेवायच्या. कॅशवाल्या बाईंनी आजवर ताईंच्या डब्याला नावं ठेवण्यापलीकडे त्यांची कधी चौकशी केली नव्हती. आज त्यांनी ताईंचा हात धरला.

"बोलली का नाहीस गं?"

"काय बोलणार? माझीच चूक."

"असं म्हणायचं नाही. यात कोणाची चूक नसते."

"कशी नसते? पाकिटावर सगळं लिहिलं होतं. मीच वाचलं नाही."

कॅशवाल्या बाईंचे डोळे मोठे झाले. "तू सिगारेट ओढायचीस?"

ताईंच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. पडला तेव्हा त्या ओरडल्याच, "अगं, कॅन्सर कसला? केस! केस रंगवले मी घरी! ते जळाले!"

"हो हो," कॅशवाल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या. "गिऱ्हाइकांना आपण असंच सांगू."

दुपारपर्यंत धाकट्या मालकांनी बोलावलं. ताई आत गेल्या तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. असं ते फक्त बँकेचा माणूस आला की करत.

"ताई, मला कळलं."

"साहेब, काही कळलेलं नाही तुम्हाला. मी केसांना ब्लीच केलं. सोनेरी करायचे होते."

"तुम्ही?" मालक कौतुकाने हसले. "ताई, हा तुमचा विनोदी स्वभाव सोडू नका. अशा वेळी तोच उपयोगी पडतो."

ताईंनी स्कार्फ काढून दाखवला. मालकांनी मान फिरवली. या वयात बाईला देखणं दिसावंसं वाटलं, यापेक्षा ती मरायला टेकली आहे हे सगळ्यांना सहज पटत होतं.

"आजपासून पुढे उभं राहायचं नाही," मालक म्हणाले. "मागे काचांच्या खोलीत तुमच्यासाठी आरामखुर्ची ठेवलीय. उशीसुद्धा. पुढचं नवी मुलगी बघेल."

"साहेब, मी ठणठणीत आहे. मला पुढेच राहू द्या. पाया पडते."

"हेच तुमचं धैर्य," असं म्हणून मालकांनी त्यांना दंडाला धरून स्वतः खोलीपर्यंत पोचवलं.

खोकी लावायची नव्हती. खोक्यांना हातसुद्धा लावायचा नव्हता. ताई आरामखुर्चीत बसून ऐकत राहिल्या. बाहेर एक आजोबा म्हणत होते, चष्मा नाकावरून घसरतोय. नवी मुलगी सांगत होती, होईल सवय. ताईंना राहवेना. त्या बाहेर गेल्या, चष्मा हातात घेतला, काडी गरम केली आणि वाकवली. आजोबांनी मान हलवून पाहिली, चष्मा जागचा हलला नाही. मग त्यांना ताईंचा चेहरा स्वच्छ दिसला. "अरेरे," ते म्हणाले. मालकांनी ताईंना पुन्हा आत नेऊन बसवलं, आणि त्यांच्या घरी फोन केला.

संध्याकाळी यजमान दार उघडून उंबऱ्यातच उभे होते. टीव्ही बंद होता.

"कधीपासून आहे हे?" त्यांनी विचारलं.

"रविवारपासून."

"आणि मी घरातच होतो!"

"होतात."

"कोणाला दाखवलंस?"

"कोपऱ्यावरच्या बाईंना."

"काय म्हणाल्या?"

"सहा महिने."

यजमान बोटांवर महिने मोजू लागले. ताई दचकल्या. "अहो, सहा महिन्यांत केस येतील म्हणाल्या! मला काही झालेलं नाही. ब्लीच केलं हो मी. तुमच्यासमोर डोक्याला सॉस लावून उभी नव्हते का?"

"तुझ्या साहेबांनी सांगितलंय मला," यजमान म्हणाले, "की ही असंच काहीतरी सांगेल."

त्यांनी ताईंना पलंगावर बसवलं, पाठीशी उशी दिली आणि चहा करायला गेले. साखर कुठे आहे, पातेलं कुठे आहे, गॅस कुठून पेटतो, असं एकेक विचारत त्यांनी चहा केला. गाळायचा असतो हे त्यांना माहीत नव्हतं. कप ताईंच्या हातात देऊन ते समोर स्टूल ओढून बसले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघू लागले. बघतच राहिले.

"तुझ्या हनुवटीवर तीळ आहे?"

"लग्नाआधीपासून आहे."

"मला माहीतच नव्हतं," असं म्हणून ते रडायला लागले.

ताई चहा प्यायल्या. चहापत्ती दातांत येत होती. आता यांना खरं पटवायचं कसं? पटलं तर हे 'हात्तिच्या' म्हणून उठतील, टीव्ही लावतील आणि जेवायला काय आहे म्हणून विचारतील. पटवलंच पाहिजे, यात शंका नव्हती. उद्या पटवू, असं त्यांनी ठरवलं. उशीला नीट टेकल्या, पाय लांब केले.

"अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पंखा जरा कमी करता का?"

पहिल्याच हाकेला यजमान ताडकन उठले.