चहा-आस्वाद परीक्षेचा निकाल

मनुष्य पाणी तहान भागवायला पितो. चहा मत बनवायला पितो. आणि मत बनवायचं तर शिक्षण हवं. म्हणूनच कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या सभागृहात 'जागतिक चहा-आस्वाद प्राथमिक प्रमाणपत्र' हा सहा रविवारांचा वर्ग सुरू झाला. बारा जणांनी नावं घातली. सगळे निवृत्त, सगळे पुरुष (बायकांना रविवारी सकाळी घरी चहा-नाश्ता असतो).

वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले दिगंबर खांबेटे वर्गात पहिल्या रांगेत बसत. शिक्षक आमोद, वय सव्वीस. त्याने शिकवलं की जपानात वाडगा फिरवून मग ओठाला लावतात, मोरोक्कोत पुदिन्याचा चहा उंचावरून ओततात, तिबेटात लोणी आणि मीठ घालतात. आणि व्यावसायिक परीक्षक मोठा फुरका मारतो व थुंकतो. फुरका मारू नका, असं खांबेट्यांना पत्नी पद्मजाबाई छत्तीस वर्षं सांगत होत्या. आता त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता होती.

खांबेटे घरी गुणपत्रक ठेवू लागले. सोमवार: रंग सात, गंध सहा, 'शेवट घाईत उरकला आहे.' मंगळवार: 'आलं बोलकं, दूध गप्प.' पद्मजाबाईंनी ते चष्मा लावून वाचलं, "बरं," म्हणाल्या आणि कप विसळायला घेतले. (विसळण्याला अभ्यासक्रमात गुण नव्हते.)

अंतिम परीक्षेत डोळ्यांवर पट्टी बांधून खांबेट्यांनी पाच देशांचे पाचही चहा बिनचूक ओळखले. मग आमोद म्हणाला, "काका, लास्ट राउंड एकदम सिंपल. सगळ्यांनी घरून थर्मास आणलेत ना? बारा कप. त्यातला आपापला ओळखायचा. बोनस मार्क्स."

खांबेट्यांनी बारा फुरके मारले आणि ठामपणे चौथा कप उचलला. तो धायरीच्या संभाजीरावांचा निघाला. स्वतःच्या घरच्या चहावर खांबेट्यांनी शेरा दिला होता: 'मूळ अनिश्चित, बहुधा उपाहारगृह.' तोच कप संभाजीरावांनी छातीशी धरला होता. "ह्यो आमच्या घरचाच हाय," ते म्हणाले.

बारांपैकी अकरा चुकले. बरोबर ओळखणारे एकटे बापूराव; ते विधुर आहेत आणि चहा स्वतः करतात. ही फेरी निकालात धरू नये, असा ठराव तिथल्या तिथे झाला (अकरा विरुद्ध एक).

प्रमाणपत्र घेऊन खांबेटे घरी आले. पद्मजाबाई मटार सोलत होत्या.

"कशी झाली परीक्षा?"

"पाचही देश ओळखले."

"आणि आपला?"

वजनमापात आयुष्य गेलेल्या माणसाला खोटं बोलणं जमेना. "नाही आला ओळखता."

त्यांनी आणखी चार शेंगा सोलल्या. मग म्हणाल्या, "उद्यापासून सकाळचा तुम्ही ठेवा. म्हणजे ओळखाल."

सकाळी साडेसहाला खांबेट्यांनी पाणी उकळत ठेवलं आणि आत हाक मारली, "अगं, चहा कशात असतो?"

"तुमच्या हाताशीच आहे," आतून उत्तर आलं.

हाताशी चार डबे होते. पहिल्यात रवा निघाला, दुसऱ्यात साबुदाणा. तिसरा उघडताना त्यांना लाज वाटली, चौथा उघडताना भीती.

वाचकहो, आपल्या घरचा चहा आपण नक्कीच ओळखला असता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तरी केवळ नोंदीसाठी एक प्रश्न: तुमच्या घरातला चहाचा डबा कोणत्या रंगाचा आहे? (आत हाक मारून विचारल्यास गुण नाहीत.)