रंगरावांची जाहिरात

हरेशलालला धाड गावी येऊन वर्ष झालं, पण तिथल्या एकाही तोंडात त्याचा शिरकाव झाला नव्हता. तिकडे सिंधमध्ये, मीरपूरखासला, त्याने घडवलेल्या कवळ्या मोठमोठे जमीनदार मिरवायचे. घरदार सोडून तो इकडे आश्रयाला आला आणि इथे पहिला प्रश्न ठरलेला असे, "कोनाचे पाव्हने?" कोणाचेच नाही म्हटलं, की गिऱ्हाईक तोंड मिटून घेई. पोळ्यापर्यंत काम मिळालं नाही, तर त्याने शेगावच्या एखाद्या लॉजवर गाद्या घालायला जायचं, असं त्याच्या बायकोने ठरवूनच टाकलं होतं.

शेवटी घरमालक रंगरावांना दया आली. "माह्या बोळक्या तोंडात बसव कवळी. तू आपला मानूस हायेस, हे मी दाखवतो गावाले!"

"बस एवढंच, रंगरावजी, दात दिसले पाहिजेत. जितके दिसतील तितकं चांगलं."

इथेच हरेशलाल चुकला.

कित्येक वर्षं तोंडापुढे उपरणं धरून बोललेले रंगराव कवळी बसताच जाहिरातीला लागले. बाजारात हसले, एसटीत हसले. आणि गावातल्या म्हाताऱ्या मोतीरामच्या तेरवीच्या पंगतीत, समोर त्याचा हार घातलेला फोटो असताना, बत्तीसच्या बत्तीस दाखवत बसले.

"रंगरावजी, ओठ मिटा, हात जोडतो!" शेजारी बसलेला हरेशलाल कुजबुजला.

"काऊन? सारं गाव बसेल हाये न इथं!"

बुंदी वाढत आलेला मोतीरामचा धाकटा भाऊ शेषराव थबकला. "माह्या भावाच्या तेरवीत तुले हसू येऊन राह्यलं काय बे?"

"हसून नाही राह्यलो, दाखवून राह्यलो! ह्या हरेशलालनं केले."

सगळी पंगत हरेशलालकडे वळली. तो मनातल्या मनात गाद्या घालू लागला.

"काढ ते आधी!" शेषराव गरजला.

रंगरावांनी कवळी काढून पत्रावळीच्या कडेला ठेवली. त्याबरोबर गाल आत गेले, हनुवटी वर आली आणि चेहऱ्यावर असं दुःख पसरलं, की घरच्यांचंही त्यापुढे फिकं पडलं. शेषरावाच्याच डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मोतीरामची बायको अन्नपूर्णाबाई पुढे आली. तिने कवळी उजेडात धरून उलटसुलट पाहिली आणि नवऱ्याच्या फोटोकडे बोट दाखवून हरेशलालला म्हणाली,

"आमच्या यायले शेवटपर्यंत भाकर कुस्करून देल्ली म्या. तू कुठं होता रे बापू?"

"इथंच होतो, माई. मागच्या गल्लीत."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"कोणाचा पाव्हणा नव्हतो."

"आता माहा हायेस. जेव पोटभर!"

पंगत उठेपर्यंत निम्मी म्हातारी माणसं हरेशलालपुढे आ वासून उभी होती. हात धुताना शेषरावाने त्याला हळूच बाजूला घेतलं.

"माह्याही तोंडाचं माप घेजो. पन हसू कमी ठेव बाप्पा. वहिनीसंग वाटनीच्या बैठकीत बसा लागते मले."