गवंड्याचं अंडं

माझ्या जिभेबद्दल मी स्वतः बोलू नये, हे मला कळतं. पण दुसरं कोणी बोलत नाही, म्हणून मलाच बोलावं लागतं! चहात आधी दूध पडलं की आधी साखर, हे मी एका घोटात सांगतो. खरं-खोटं कोण तपासणार, हा भाग वेगळा.

मी चॉकलेटच्या कारखान्यात रॅपरवरचा मजकूर लिहितो. ‘जिभेवर ठेवा आणि विसरून जा’ वगैरे जे असतं ना, ते माझंच. त्यामुळे ईस्टरच्या, म्हणजे चॉकलेटच्या अंड्या-सशांच्या, हंगामासाठी नवं काय काढायचं हे ठरवणाऱ्या चाखणी मंडळात मालकांनी यंदा मला घेतलं, तेव्हा मला आनंद झाला नाही. फार उशीर केला, एवढंच वाटलं.

पद्धत सोपी होती. आठ बशा, आठ नंबर. कुठला नमुना कोणी केलाय ते फक्त मालकांना ठाऊक. आम्ही पाच जणांनी दहापैकी गुण द्यायचे आणि एक शेरा लिहायचा. नियम एकच, पण कडक. एकानं जरी शून्य दिलं, तरी नमुना बाद!

“एका पोरानं थू केलं, की त्याची आई पुन्हा ते विकत घेत नाही,” असं मालक म्हणायचे.

आता खरी गोष्ट. त्या आठांत एक नमुना माझ्या सख्ख्या ताईचा होता. ती आमच्याच कारखान्यात पाक विभागात, बावीस वर्षं. दोन वर्षं ती घरी, रोज संध्याकाळी, एका चॉकलेटच्या अंड्यावर खपत होती. मला त्याचा वाससुद्धा घेऊ दिला नव्हता.

“ताई, निदान नंबर तरी सांग!”

“मुळीच नाही. आवडलं तर आवडलं म्हण, नाही आवडलं तर नाही म्हण. पण छोट्या, खरं ते लिही हं.”

चाळिशी उलटलेल्या माणसाला छोट्या म्हणणारी जगात ही एकच बाई!

आणि चाखणीच्या दिवशी सकाळी मला सर्दी झाली. साधीसुधी नाही. संपाच्या दिवशी कारखान्याचं गेट बंद असतं, तसं नाक बंद! चहा प्यालो, तर गरम पाणी प्याल्यासारखा वाटला. टूथपेस्ट खडूसारखी लागली.

“सर्दी झालीय का हो?” बायकोनं विचारलं.

“छे! धूळ गेलीय नाकात.”

गेटवरच्या वॉचमनला म्हणालो, उन्हाचा त्रास. मालकांना म्हणालो, “नाक? एकदम उत्तम!” बोललो खरा, पण ते ‘दाक? एकदब उत्तब!’ असं ऐकू गेलं असणार. तेव्हाच सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण मालकांनी सगळ्यांसमोर माझी ओळख ‘आपल्या कारखान्याची जीभ’ अशी करून दिली होती. आता जिभेनं रजा मागायची म्हणजे!

पहिला ससा तोंडात टाकला. मेणबत्ती! दुसरं अंडं. तीही मेणबत्ती, फक्त जाड. कपाळावर घाम आला. तेवढ्यात माझं लक्ष शेजारी बसलेल्या स्टोअरच्या मॅडमकडे गेलं. मोठ्या बारकाईच्या बाई. पोत्यातल्या साखरेचे दाणे मोजून घेतील अशा. आणि चेहरा म्हणजे उघडं पुस्तक! मी ठरवलं, आपण जिभेऐवजी डोळ्यांनी चाखायचं. मॅडमचा चेहरा बघायचा आणि गुण द्यायचे.

तीन नंबरला मॅडमनी एक डोळा मिटला. मी चार दिले. चार नंबर कापसासारखं मऊ, पिवळं मार्शमॅलोचं पिल्लू होतं. मॅडमच्या चेहऱ्यावर अशी शांती पसरली, की मी सरळ दहा दिले आणि लिहिलं, ‘ढगाचा तुकडा!’

सहा नंबरचं अंडं आलं. मॅडमनी चावा घेतला. कडकन आवाज झाला, आणि मॅडमचा चेहरा धोब्यानं चादर पिळावी तसा पिळवटला! डोळ्यांतून घळाघळा पाणी. हात गालावर. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या!

मी मनात म्हटलं, बाप रे, विषच दिसतंय! शून्य दिलं. आणि शेरा सुचला. काय करू, सुचतोच मला! लिहिलं: ‘हे अंडं कोंबडीनं नव्हे, गवंड्यानं घातलेलं दिसतं.’

मालकांनी त्यातले गमतीचे शेरे मोठ्यानं वाचले. माझ्या शेऱ्याला जो हशा पिकला! मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. दुपारपर्यंत कोणीतरी तो नोटीस बोर्डावर लावला. पॅकिंगवाले एकमेकांना ‘काय गवंडी!’ म्हणून हाका मारू लागले. पिवळं पिल्लू पहिलं आलं, साच्यांची ऑर्डरही गेली. मी घरी गेलो तो तरंगतच.

संध्याकाळी ताई आली. हातात वही.

“छोट्या, एक विचारू? गवंड्याचं म्हणजे नक्की कसं? कवच जाड झालं होतं, की आतली कडक साखर?”

मी हातातला कप खाली ठेवला.

“सहा नंबर... तुझं होतं?”

“हो. मी काढून टाकते ती साखर. संत्र्याचा आंबटपणाही जास्त झाला असेल ना?” तिनं पेन्सिलीचं टोक वहीवर टेकवलं. “तू खरं लिहिलंस, बरं केलंस. बाकीच्यांना विचारलं असतं, तर माझ्या वयाकडे बघून गोड बोलले असते.”

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पण वहीतलं दोन वर्षांच्या खटपटीचं पान तिनं उभी रेघ मारून खोडलेलं मला दिसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ताई, ऐक! मला चवच लागत नव्हती! सर्दी होती मला!”

ती हसली. लहानपणी माझी ढोपरं फुटली की हसायची तशी.

“माझं मन राखायला खोटं बोलू नकोस रे.”

“खोटं नाही! हिला विचार!”

“ते तर धूळ म्हणत होते,” बायको प्रामाणिकपणे म्हणाली.

“वॉचमनला विचार!”

“विचारलं मी येताना, तुझी तब्येत कशी आहे म्हणून. ऊन लागलंय म्हणाला.”

शिंक आली असती तर बरं झालं असतं. पण नाक त्याच संध्याकाळी मोकळं झालं होतं! आयुष्यभर मी थापा मारल्या आणि सगळ्या खपल्या. पहिल्यांदा खरं बोललो, तर गिऱ्हाईक नाही!

दुसऱ्या दिवशी मालकांकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी बोर्डावरचा कागद काढला आणि माझं नाव मंडळातून काढलं. पिल्लाचे साचे मात्र ओतायला गेले होते, म्हणजे यंदा तेच निघणार होतं. ताईला हे सांगितलं, तर म्हणाली, “माझ्यापायी साहेबांशीही खोटं बोललास?”

शेवटी मी स्टोअरच्या मॅडमना हातापाया पडून ताईच्या घरी घेऊन गेलो. त्यांचा गाल पुरीसारखा फुगला होता, तोंडात कापूस.

“मॅडम, सांगा हिला. सहा नंबर खाताना तुमचं तोंड का वाकडं झालं होतं?”

“दाढ,” मॅडम कापसातून म्हणाल्या. “किडलेली. काल उपटली.”

“बघ ताई! मी यांचं तोंड बघून शून्य दिलं! मला काही कळत नव्हतं!”

ताई मॅडमकडे वळली. “आणि तुम्ही किती दिले होते?”

मॅडमनी कापूस हातात काढला. अशी गोष्ट कापसातून सांगायची नसते, असं त्यांना वाटलं असावं.

“दहा. दाढ ठणकत होती तरी दुसरा चावा घेतला मी. बेरीज मीच केली होती, चौघांनी मिळून एकोणचाळीस दिले होते तुम्हाला. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतके कोणाला पडले नव्हते.”

ताईच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. खरंच आला, मी पाहिला. मग तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तो हळूहळू उतरला.

“म्हणजे तुला खरंच चव लागत नव्हती.”

“हेच तर सांगतोय कधीपासून!” मी सुटल्यासारखा ओरडलो.

“आणि तरी तू लिहिलंस.”

आता काय, ‘शेरा चांगला सुचला होता’, असं म्हणू?

ताईनं मॅडमसाठी कोमट पाणी आणलं. माझ्यासाठी नाही. दारापर्यंत सोडायलाही आली, मॅडमना.

पुढच्या हंगामात सहा नंबरचं अंडं निघणार आहे, मालकांनी स्वतः ताईला सांगितलंय. त्याच्या रॅपरवरचा मजकूर ताईनं मॅडमकडून लिहून घेतला. ‘कडक आहे. चांगलं आहे.’ एवढाच. आणि खरं सांगतो, मला त्यात एक शब्दही सुधारता आला नाही.

तिला पटावं म्हणून मी तीन दिवस जिवाचं रान केलं. पटलं! आता दोन महिने झाले, ताई माझ्याशी बोलत नाही.